चाळीस मीटरच्या आधीचा रविवार

आमच्या विहाराच्या वार्षिक अंकात दर वर्षी एक प्रवासवर्णन असतंच. बोधगया होऊन गेलं, श्रीलंका होऊन गेली, एकदा कोणाच्या तरी मुलाकडचं दुबईसुद्धा झालं. या वर्षी अंकाची मंडळी माझ्या मागे लागली, "तुम्ही केरळला गेलेलात ना, लिहा की." मी म्हटलं, मी तिथे काही बघितलंच नाही. एक दिवस मुलाच्या तोंडाकडे बघण्यात गेला आणि बाकीचे फोनकडे. "मग तेच लिहा," म्हणाले. तर तेच लिहितोय. हाउसबोटीचं वर्णन हवं असेल त्यांनी पान उलटावं.

कोपर

आधी आम्ही कोण ते सांगतो. मी वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये प्रेशर गेज तपासतो. कारखान्यांच्या बॉयलरवर, कॉम्प्रेसरवर ती गोल तबकडी आणि काटा असतो ना, तो खरं दाखवतो की खोटं, हे ठरवायचं काम. सत्तावीस वर्षं झाली. या कामाने माझा स्वभाव बिघडवला असं बायको म्हणते, कारण मी कुठल्याच गोष्टीवर पहिल्या नजरेत विश्वास ठेवत नाही. बायको वैशाली. डोंबिवली पूर्वेला एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे एकोणीस वर्षं टेबल सांभाळते. फोन घेणं, नंबर देणं, रडणाऱ्या पोरांना गप्प करणं, सगळं तिच्याकडे. आणि मुलगा सम्यक, चोवीस वर्षांचा, नौदलात. तो मोठागावच्या खाडीत पोहायला शिकला तेव्हा आम्हाला सहा महिने पत्ता नव्हता. नौदलात गेला तेव्हा निदान कळवलं.

गेल्या वर्षी त्याने पाणबुड्याच्या प्रशिक्षणासाठी नाव दिलं. खोल पाण्यात जाऊन जहाजाचा तळ तपासायचा, अंधारात हाताने चाचपून काम करायचं, बुडालेलं शोधायचं, अशा कामाचं ते शिक्षण. पहिल्या वेळी ऐन मोक्याला ताप आला आणि त्याला बाहेर काढलं. ही दुसरी खेप. तिसरी संधी मिळत नाही, असं तो म्हणायचा. ते खरं की त्यांच्या पोरांमधली समजूत, मला माहीत नाही, पण तो त्या समजुतीवर जगत होता.

दहा मीटर पाण्याखाली गेलं की एक बार दाब वाढतो. हे मी कामावर नव्या मुलांना शिकवतो. चाळीस मीटरला चार बार. मी आयुष्यभर चार बार बघत आलोय, चार बार म्हणजे आमच्याकडे काहीच नाही. पण त्या चार बारमध्ये आपलं पोरगं बसवून बघितलं तेव्हा माझी झोप गेली.

एका गुरुवारी त्याचा फोन आला. पुढच्या मंगळवारी चाळीस मीटरची बुडी आहे, ती झाली की बिल्ला नक्की. बोलता बोलता म्हणाला, "थांब मम्मी, ह्या कानाला लावतो." पुढे मग मेसमधल्या इडलीबद्दल बोलला, हसला, फोन ठेवला. वैशालीने तो फोन बराच वेळ हातातच धरला आणि म्हणाली, "अहो, कोचीला जायचं. रविवारी त्यांना बाहेर सोडतात ना?"

"तो येऊ नका म्हणालाय."

"म्हणू दे."

मला वाटलं, आईची माया. तत्काळची तिकिटं काढली.

शुक्रवारी निघण्याआधी ती अर्धा दिवस दवाखान्यात जाऊन आली, कारण बदली बाई नवीन होती. मी तिला आणायला गेलो तर ती त्या बाईला पढवत होती, "फोनवर नाव लिहून घ्यायचं, वेळ सांगायची आणि प्रत्येकाला बजावायचं, कानात तेल घालून येऊ नका. तेल असलं की वरवर बघून सोडता येत नाही. डॉक्टर मग दुर्बिणीखाली बसवून आख्खा कान साफ करतात, दाबाची तपासणी करतात, आणि पुढचे पाच पेशंट आपल्या नावाने शंख करतात." हे वाक्य आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. सम्यक शाळेतून थेट दवाखान्यात यायचा आणि त्या टेबलाखाली बसून अभ्यास करायचा. त्याला बाराखडीच्या आधी हे वाक्य आलं असेल.

कोची, शनिवार

ठाण्याहून गाडी धरली. रत्नागिरीनंतर बोगदे मोजायचे मी सोडून दिले, एवढंच प्रवासाबद्दल सांगतो. दुसऱ्या दिवशी दुपारी एर्नाकुलम, तिथून बोटीने फोर्ट कोची. बोट म्हणजे आपल्या बसगाडीसारखीच, बायका भाजीच्या पिशव्या घेऊन चढतात, मोबाइल बघत बसतात, उतरतात. पाण्यावर आहोत याचं कोणाला काही नाही. वैशाली मात्र कठडा घट्ट धरून पाण्याकडे बघत होती. पाणी हिरवट काळं होतं, वीतभर आतलं दिसत नव्हतं.

"ह्यातच उतरतात का हो?"

"ह्यात नाही गं. समुद्रात."

"म्हणजे ह्याच्यापेक्षा खोल."

मी तिची पिशवी हातात घेतली.

उतरलो ते जोसेफचेट्टा आणि लिसीचेची यांच्या घरी. चेट्टा म्हणजे दादा, चेची म्हणजे ताई, हे पहिल्या पाच मिनिटांत कळलं. दोन खोल्या पाहुण्यांना देतात. चेट्टा सत्तरीचा, उघडाबंब, कमरेला लुंगी, आणि आवाज असा की शेजारच्या गल्लीत ऐकू जावा. तरुणपणी आठ वर्षं अंबरनाथच्या एका कारखान्यात होता, त्यामुळे हिंदी येत होती. आम्ही कोपरचे म्हटल्यावर तर त्याने मला मिठीच मारली. "कोपर! डोंबिवली के बाजू में! मैं उधर वडापाव खाता था!"

लिसीचेचीने रात्री जेवायला वाढलं ते सांगायलाच हवं. भात लालसर आणि जाड, एकेक शीत चावून खावं लागतं. त्यावर माशाचं लाल कालवण. आपण कोकमाचं आगूळ घालतो तसं ते काळ्या चिंचेसारखं एक फळ धुरावर वाळवून घालतात, त्याला धुराचाच वास येतो. आणि एका ताटलीत शिंपल्यांचं सुकं, खोबऱ्याचे काप घालून परतलेलं. आपल्या तिसऱ्यांपेक्षा बारीक, काळ्या शिंपल्या. वैशालीने दोनदा घेतलं. मी म्हटलं, या कुठे मिळतात? चेट्टा ओरडून म्हणाला, "अंदर से! पानी के अंदर से! मैं निकालता था!"

मग कळलं, तो लहानपणी बापाबरोबर खाडीत बुड्या मारून शिंपल्या काढायचा. नळी नाही, टाकी नाही, छातीत भरलेला श्वास तेवढा. सतरा वर्षांचा असताना एकदा कान मोकळा होत नव्हता तरी तो खाली गेला. "आवाज आया, ठप्! बस." त्याने उजव्या कानावर हात ठेवला. तो कान तेव्हापासून बंद. डावाही नंतर अर्धा गेला. "अंबरनाथ में मशीन के पास सब लोग परेशान, मैं आराम से. मुझे सुनाई नहीं देता था!" तो खदाखदा हसला. आम्हीही हसलो. वैशालीचा हात ताटात थांबला होता, ते मी पाहिलं, पण त्याचा अर्थ लावला नाही.

रविवार

फाटकापाशी आम्ही नऊलाच जाऊन उभे. माझ्या पिशवीत सम्यकसाठी एक भेट होती. जुनं पितळी गेज, मी स्वतः उघडून साफ केलेलं, नवी काच बसवलेली, आणि तबकडीवर चार बारपाशी तांबडी रेघ मारलेली. चाळीस मीटरची आठवण म्हणून. पहाऱ्यावरच्या जवानाने ते बाहेर काढलं, उलटं केलं, हलवून पाहिलं आणि मला बाजूला घेतलं. "ये क्या है?" मी म्हटलं, प्रेशर गेज. "किसलिए?" मुलासाठी. "लडका क्या करेगा इसका?" नळीला जोडलेलं नसलेलं गेज काय दाखवणार, शून्य. मी आणखी समजावायला गेलो आणि आणखी संशय वाढला. शेवटी आतून एक उंच, उन्हाने रापलेला माणूस आला. सम्यकचा प्रशिक्षक. त्याला सगळे चीफ म्हणत होते. त्याने गेज हातात घेतलं, तांबडी रेघ बघितली आणि समजला. नखाने काचेवर टिचकी मारली आणि मग काटा बघितला.

हे पाहून मला तो माणूस एकदम आवडला. काटा कधी कधी अडकून बसतो, म्हणून वाचण्याआधी टिचकी मारायची असते. नव्या मुलांना हे शिकवायला मला वर्ष लागतं.

"आपका लडका अच्छा है," तो म्हणाला. "शिकायत नहीं करता." मग हसून, "कभी कभी करनी चाहिए."

सम्यक बाहेर आला. बारीक झालेला, खांदे रुंद झालेले, गालाची हाडं वर आलेली. वैशालीने त्याला जवळ घेतलं आणि पटकन सोडलं, कारण बाकीची पोरं बघत होती. संध्याकाळी पाचपर्यंत वेळ होता.

फोर्ट कोचीत चिनी जाळी आहेत. लाकडाच्या लांब वाशांवर टांगलेलं मोठं जाळं, चार-पाच माणसं दोर ओढून वर घेतात. सगळे तिथे फोटो काढतात, आम्हीही काढला. त्या फोटोत सम्यक मध्ये आहे, मी त्याच्या डाव्या हाताला, वैशाली उजव्या. मी त्याच्याशी बोलत होतो, मंगळवारी किती वाजता पाण्यात जाणार, खाली किती वेळ थांबायचं. तो उत्तर देत नव्हता. मला वाटलं, टाळतोय. मी जरा चिडूनच म्हटलं, "अरे, बापाशी बोलायला पण बंदी आहे का?" तेव्हा त्याने मान वळवली आणि म्हणाला, "काय म्हणालात पप्पा?"

जेवायला घरी आणलं. चेट्टा त्याला बघून खूश झाला, स्वतःच्या बाजूला बसवून घेतलं. शिंपल्या वाढल्या. आणि मग त्याने एक विचित्र गोष्ट केली. सम्यक जेवत असताना त्याच्या मागे गेला आणि डाव्या कानापाशी बोटांनी चुटकी वाजवली. सम्यक जेवत राहिला. उजव्या कानापाशी वाजवली. सम्यक दचकून वळला.

"तुम्हारा लडका इधर से नहीं सुनता," चेट्टा म्हणाला. या वेळी ओरडला नाही. "मेरे जैसा."

पोराचा घास हातातच राहिला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. वैशाली शांत होती. तिला गुरुवारपासून माहीत होतं. एकोणीस वर्षं ती फोनवर ऐकत आलीय, लोक कुठल्या कानाचा फोन कुठल्या कानाला नेतात ते.

वर खोलीत गेल्यावर त्याने सांगितलं. तीन आठवड्यांपासून डावा कान खाली जाताना मोकळा होत नव्हता. नाक दाबून हवा कानात सोडायची असते, म्हणजे आतला आणि बाहेरचा दाब सारखा होतो. डाव्या कानाला ते जमत नव्हतं, म्हणून तो जोर लावत होता. डॉक्टर रोज विचारायचे, तो रोज ठीक म्हणायचा. वरून बघितलं तर काही दिसत नव्हतं, जे होतं ते पडद्याच्या मागे होतं.

"आणि शुक्रवारी?" वैशालीने विचारलं. शुक्रवारचं तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. गुरुवारच्या फोननंतर पाण्यात उतरायचा तेवढाच दिवस होता, म्हणून तिने अंदाजाने विचारलं.

"शुक्रवारी पंधरा मीटरला गरगरलं. वर कुठे, खाली कुठे कळेना. बुडबुडे बघितले, ते जातात तिकडे वर असतं, म्हणून कळलं. अर्ध्या मिनिटात गेलं ते."

"आणि अंधारात बुडबुडे दिसले नाहीत तर?" मी म्हटलं. माझा आवाज चढला. "चाळीस मीटरला उलटा झालास तर कोण बघणार? अरे, गेजची नळी चोंदलेली असली तर आम्ही बॉयलर पेटवत नाही, आणि तू स्वतःला पेटवून घेतोयस!"

"पप्पा, मंगळवार गेला की मी स्वतः दाखवतो. एक बुडी. फक्त एक."

"आत्ता दाखव."

"आत्ता हात वर केला की संपलं सगळं. दुसऱ्यांदा. सगळ्यांसमोर. तुम्हाला नाही कळणार." त्याचे डोळे भरले होते आणि त्याला त्याची लाज वाटत होती. "मला शब्द द्या. चीफशी, डॉक्टरशी, कोणाशी एक शब्द बोलायचं नाही."

आमच्या घरात शपथा चालत नाहीत. माझ्या वडिलांनी ते बंद केलं. म्हणायचे, देवाला मध्ये घालायचं नाही, माणसाने शब्द द्यायचा आणि पाळायचा. सम्यकला हे माहीत आहे, म्हणून तर त्याने शब्द मागितला. मी नाही म्हणणार होतो. तेवढ्यात वैशाली म्हणाली, "दिला. एक शब्द बोलणार नाही." आणि माझ्याकडे पाहिलं. मग मलाही द्यावा लागला. तिचा इतका राग मला लग्नानंतर क्वचितच आला असेल.

ती खाली गेली आणि थोड्या वेळाने वाटी घेऊन वर आली. लिसीचेचीच्या स्वयंपाकघरातलं खोबरेल, त्यात लसणीच्या चार पाकळ्या कडवलेल्या. "ये इकडे," म्हणाली, "दुखणं तरी थांबेल." सम्यकने वाटीकडे पाहिलं. मग तिच्या मांडीवर उजवा कान टेकवून आडवा झाला, लहानपणी दात दुखला की व्हायचा तसा. तिने बोटावर थेंब घेऊन तेल कोमट आहे ना बघितलं आणि चमच्याने घातलं. बरंच घातलं. कापसाचा बोळा लावला. तो अर्धा तास तसाच पडून होता, डोळे मिटून. ती त्याच्या केसांतून हात फिरवत होती. मी खिडकीत उभा राहून दोघांवर चिडत होतो.

पाचला फाटकापाशी पोचलो. कापूस त्याने रस्त्यातच काढून टाकला होता. चीफ तिथेच उभा होता. सम्यक आत जायला निघाला तसं त्याने आम्हाला विचारलं, "सब ठीक?"

एवढंच विचारलं. पण तो माझ्याकडेच बघत होता, आणि सकाळी काटा बघितला तसा बघत होता. मी तोंड उघडलं. दिलेला शब्द गेला खड्ड्यात, असं माझ्या मनात आलं, ते मी इथे लपवत नाही. पण समोर पोरगं उभं होतं, पाठीमागे हात बांधून, आणि त्याची मान हलत नव्हती.

"जी," वैशाली म्हणाली. "सब ठीक है."

चीफने नाकाने जरा हुंगल्यासारखं केलं. "लहसुन?"

"घर का खाना," ती म्हणाली.

तो हसला. फाटक बंद झालं.

सोमवार

त्या दिवशी मी कोची बघितली म्हणे. जुन्या चर्चमध्ये गेलो, मसाल्याच्या बाजारात गेलो, वैशालीने मिरी घेतली. मला त्यातलं काही आठवत नाही. ती शांतपणे भाव विचारत होती, याचाच मला राग येत होता.

दुपारी तीनला फोन वाजला. मी स्पीकर लावला.

"मम्मीने तेल घातलेलं ते सकाळच्या तपासणीत दिसलं," सम्यक म्हणाला. आवाज सपाट होता. "तेल असलं की नुसतं बघून पास करत नाहीत. मला हॉस्पिटलला पाठवलंय कान साफ करायला. दाबाची टेस्ट पण करणार आहेत. उद्याच्या यादीतून नाव काढलं." आणि फोन बंद.

मी वैशालीवर तुटून पडलो. लिसीचेची खाली ऐकत असेल याचंही भान राहिलं नाही. "झालं समाधान? तुझे घरगुती उपाय! पोराचं वर्ष गेलं! अगं, एवढी साधी गोष्ट कळत नाही तुला? एकोणीस वर्षं तू दिवसातून पन्नास लोकांना सांगतेस, कानात तेल घालून..."

आणि मी तिथेच थांबलो.

ती पलंगावर बसून मिरीची पुडी पुन्हा बांधत होती. वर बघितलं नाही.

"वैशाली."

"मी एक शब्द बोलले नाही," ती म्हणाली. "दिलेला पाळला."

मी खाली बसलो. चेट्टाचा रेडिओ खालून मोठ्याने वाजत होता. मग तिला रडू आलं, आणि ते थांबेना. "माझ्या हाताने केलं हो मी. त्याने विश्वासाने डोकं ठेवलं मांडीवर. त्याला कळलं की मी मुद्दाम केलं, तर तो परत माझ्याजवळ येईल का? सांगा ना."

मी तिचा हात धरला, त्याला अजून लसणीचा वास येत होता. मी फाटकापाशी जे करू शकलो नाही, ते तिने केलं होतं, आणि त्याचा भार एकटीने उचलला होता. मी तिला म्हटलं, मी त्याच्याशी यावर कधीच एक शब्द बोलणार नाही. म्हणजे दोन दिवसांत माझा हा दुसरा शब्द.

मंगळवारी सकाळी बाकीची पोरं चाळीस मीटरला जाऊन सुखरूप वर आली. गाडीची वेळ व्हायच्या आत हॉस्पिटलचं कळलं. पडद्याच्या मागे रक्त साकळलेलं, आणि आतल्या कानालाही इजा झाल्याचा डॉक्टरांना संशय. या कानाने खोल गेला असता तर पुन्हा तोल गेला असता, असं ते म्हणाले, आणि कानही कायमचा जाऊ शकला असता. सहा आठवडे पाण्यात पाय घालायचा नाही. पुढच्या तुकडीत घ्यायचं की नाही, ते नंतर बघू.

निघताना जोसेफचेट्टाने मला बोलावून घेतलं आणि कानाकडे बोट दाखवून विचारलं, काय झालं? मी मोठ्याने सांगितलं, रोक दिया. डॉक्टर ने रोक दिया. तो मान डोलवत राहिला. मग म्हणाला, "मेरी माँ को तैरना नहीं आता था. वो किनारे पर बैठती थी. मुझे रोक नहीं पाई." लिसीचेचीने वैशालीला सुकवलेल्या शिंपल्यांची पिशवी दिली.

डोंबिवली

सम्यक दहा दिवसांनी आजारपणाच्या रजेवर घरी आला. आईशी नीट बोलायचा, पण कमी. ती त्याला वाढताना त्याच्या तोंडाकडे बघायची नाही. कोचीत दिलेलं ते गेज त्याने सोबत आणून टीव्हीवर ठेवलं होतं, बाबासाहेबांच्या फोटोखाली. घरात तिघं, आणि तिघंही एकमेकांना चुकवत चालणारे.

कान पुन्हा तपासायला वैशालीच्या डॉक्टरांनी त्याला शनिवारी दवाखान्यात बोलावलं होतं. मी वागळेहून थेट तिथेच गेलो. आत गर्दी होती. वैशाली एका रडणाऱ्या पोरीला घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेली होती आणि तिच्या खुर्चीत सम्यक बसला होता. टेबलावरचा फोन वाजला. त्याने उचलला, उजव्या कानाला लावला, पेन घेतलं.

"बोला... नाव?... साडेसहाला या. आणि हे बघा, कानात तेल घालून येऊ नका. तेल असलं की वरवर बघून सोडता येत नाही, आख्खा कान साफ करून तपासावा लागतो." अगदी आईच्याच सुरात. फोन ठेवला आणि वर पाहिलं तर मी उभा.

बाकावर चार पेशंट बसलेले.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"पप्पा, मी या टेबलाखाली मोठा झालोय."

"मग डोकं का ठेवलंस?"

त्याने पेनचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. "मी घाबरलेलो. पंधरा मीटरला. खूप घाबरलेलो. आणि हात वर करता येत नव्हता. मम्मी वाटी घेऊन आली तेव्हा वाटलं, बरं झालं." मग आतल्या दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "मम्मीला नका सांगू, मी घाबरलेलो ते. शब्द द्या. एक शब्द बोलायचं नाही."

मी दिला. काय करणार?

तर असा हा आमचा केरळ प्रवास. कान आता बरा होत आलाय, डाव्या बाजूने अजून जरा कमी ऐकू येतं, पुढच्या तुकडीचं पत्र यायचंय. त्याला जायचंच आहे, आणि या वेळी काही झालं तर हात वर करीन, असं तो स्वतःहून म्हणालाय. वैशाली मात्र अजून त्याच्या तोंडाकडे बघत नाही. तिला वाटतं, तिने पोराला फसवलं. मी तिला काही बोलू शकत नाही, कारण सम्यकला शब्द दिलाय. त्याला काही बोलू शकत नाही, कारण तिला दिलाय.

अंकाच्या मंडळींनी प्रवासवर्णन मागितलं ते मी म्हणूनच मान्य केलं. दोघांनाही बोलणार नाही असा शब्द दिलाय, लिहिणार नाही असा कोणाला दिलेला नाही. अंकाची मुद्रितं दर वर्षी वैशालीच तपासते. वैशाली, या पानापर्यंत आली असशील तर पेन खाली ठेव. तो आतल्या खोलीत आहे. त्याला हाक मार, उजव्या बाजूने.